पायलीभर नवा तांदूळ

माणसांना हाताखाली कसं वागवायचं, हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. शाळा मी चौथीपर्यंत केली आणि तिथं मास्तर छडीनं वागवत. पुढे लोणावळ्याला रेल्वेत चिकटलो, यथावकाश मुकादम झालो, माझी स्वतःची गँग झाली. साहेब अधूनमधून विचारायचा, तुझ्या गँगमध्ये भांडणं कमी आणि काम बरं, हे जमवतोस कसं? मी काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून न्यायचो. खरं उत्तर द्यायचं तर भात शिजवण्यापासून सुरुवात करावी लागली असती, आणि रेल्वेच्या साहेबाला भाताची गोष्ट कुठं सांगत बसायची? आता ओसरीवर बसून आहे, वेळ भरपूर आहे आणि घड्याळ बघणारा साहेब समोर नाही, म्हणून सांगतो.

आमची वाडी मावळात, वडिवळ्याच्या अलीकडे. चहूकडे भातखाचरं. वाडीत लग्न निघालं की एक रीत होती. ज्याच्या घरी लग्न, त्याच्याकडे प्रत्येक घरानं पायलीभर तांदूळ पोचवायचा. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी बायका टोपल्या घेऊन यायच्या आणि ओटीवर अंथरलेल्या तरटावर आपापला तांदूळ ओतायच्या. वाडीत एकच घर मुसलमानाचं होतं, त्यांचाही तांदूळ त्याच ढिगात पडायचा. कुणाचा कुठला, हे पुन्हा ओळखता येऊ नये, यातच त्या रीतीची गोडी होती. दुसऱ्या दिवशी त्या ढिगाचा भात होई आणि सगळी वाडी पाहुण्यांसकट जेवून उठे.

तांदूळ मात्र जुना द्यायचा, म्हणजे निदान वर्षभर कणगीत मुरलेल्या भाताचा. नवा तांदूळ थोड्या पाण्यात लवकर शिजतो आणि जरा दुर्लक्ष झालं की त्याचा गिचका होतो. जुन्याला पाणी जास्त लागतं, वेळ जास्त लागतो, पण शीत न् शीत मोकळं राहतं. पंगतीला नवा तांदूळ देणं म्हणजे घरात वर्षाची बेगमी नाही, हे चारचौघांत कबूल करण्यासारखं होतं. तसं कोण कबूल करणार?

हा सगळा भात शिजवण्याचा मान आबांचा. आबा म्हणजे माझे चुलते, वडिलांचे धाकटे भाऊ. सगळी वाडी त्यांना आबाच म्हणायची, वयानं मोठी असलेली माणसंसुद्धा. आवाज असा, की खाचराच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा बैल थांबे. लग्नघरी पहाटे लांबलचक चर खणून त्यात लाकडं पेटवायची, त्यावर ओळीनं तांब्याचे हंडे चढवायचे, आधण आलं की तांदूळ वैरायचा. मग आबा हातात मोठा डाव घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारायचे. डावात दोन-चार शितं घ्यायचे, त्यातलं एक चिमटीत दाबायचे आणि म्हणायचे, "उतरा." आम्ही पोरं हंड्याच्या कानांत दांडा घालून तो उचलायचो, भात टोपल्यांत ओतून पेज निथळून काढायचो आणि पेंढ्यावर पसरलेल्या ओल्या धोतरावर त्याचा ढीग घालायचो. आबांनी "उतरा" म्हटल्यावर कुणी "थोडा वेळ थांबू का?" असं विचारल्याचं मला आठवत नाही. एकदा एकानं विचारलं होतं म्हणतात. त्याला पुढची दोन लग्नं पाणीच वाहावं लागलं.

आबांची कुठली गोष्ट खोटी ठरली नव्हती, हीच खरी पंचाईत होती. ज्याचं नेहमी बरोबर येतं त्याला हळूहळू कुणी काही सांगेनासं होतं. त्यालाही ते बरं वाटतं आणि सांगणाऱ्यांचाही त्रास वाचतो.

त्या साली शेजारच्या घरी लग्न होतं. नवरीचा बाप गरीब स्वभावाचा माणूस, बोलताना आधी हात जोडणारा. पाहुणे पवन मावळातले. आदल्या दिवशी तांदूळ नेहमीसारखाच जमला. आबांनी ढिगाकडे पाहिलंसुद्धा नाही. तांदूळ गोळा करणं हे बायकांचं काम, आपलं काम आगीपाशी, असा त्यांचा हिशेब.

पहिल्या हंड्यातलं शीत त्यांनी दाबलं, मऊ लागलं, म्हणाले, "उतरा." आम्ही उतरवला. दुसऱ्यातलं दाबलं, कडक लागलं, म्हणाले, "ऱ्हाऊ द्या." आम्ही राहू दिला. टोपलीत पहिला हंडा ओतताना मला चमत्कारिक वाटलं, कारण निम्मी शितं फुलली होती आणि निम्मी टणक. दुसऱ्या हंड्यातून तर भाताऐवजी खळच बाहेर आली आणि त्या खळीत मधे मधे चांगली शितं. माझ्या जोडीदारानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. दोघेही गप्प बसलो आणि तिसरा हंडा उचलायला गेलो.

पंगत बसली. एका बाजूला पत्रावळीवर भात पडला की पसरत जात होता, दुसऱ्या बाजूला पडला की टकटक वाजतो की काय असं वाटत होतं. पाहुण्यांत एक पिकल्या मिशांचा गृहस्थ होता. त्यानं बोटानं पत्रावळीवरचा भात जरा हलवून पाहिला आणि अगदी नम्रपणे वाढप्याला विचारलं, "पाव्हनं, ह्यो भात हाय का पेज? पेज आसंल तर वाटी द्या, हातानं वरपाय येत न्हाई."

समोरच्या ओळीतून दुसरा म्हणाला, "तुमचं बरं हाय. आमाला हितं दातानं कांडाय लागतंय."

सगळी पंगत हसली. नवरीचा बाप ओळीतून हात जोडत फिरत होता आणि कुणाला काय म्हणावं ते त्याला कळत नव्हतं. मांडवात त्याची बायको तोंडाला पदर लावून उभी होती. आज ऐकणाऱ्याला वाटेल, एका दिवसाचा भात तो काय! पण आम्ही भात पिकवणारी माणसं. मावळातल्या माणसाच्या दारात भात बिघडणं म्हणजे सोनाराच्या घरी पितळ निघणं. नागपंचमीला ती मुलगी माहेरी आली तेव्हा रडत सांगत होती, की भात टाकायला बसली की सासू रोज म्हणते, "तुज्या म्हायेरासारका नगं गं बाई."

आबांनी त्या दिवशी पहिला दोष दिला लाकडांना. "वली लाकडं आनली कुनी?" म्हणून ओरडले. आणली होती मी, आणि ती हाडासारखी वाळलेली होती. सगळ्यांदेखत त्यांनी मला नालायक ठरवलं आणि मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मला भयंकर राग आला होता. अजूनही आठवलं की थोडा येतो.

पण आबा नुसते ओरडून गप्प बसणारे नव्हते. दोन-तीन दिवसांनी ते लग्नघरी गेले, ढिगातून उरलेला मूठभर तांदूळ मागून आणला आणि ओसरीवर उन्हात बसून तळहातावर एकेक दाणा निवडू लागले. नवे पांढरे एकीकडे, जुने पिवळसर एकीकडे. दोन्ही वाटे जवळजवळ सारखे झाले. आबा उठले आणि मला म्हणाले, "चल." ज्यांनी नवा तांदूळ दिला त्यांना शोधून काढायचं होतं. मला का नेलं, कुणास ठाऊक. बहुतेक लाकडांचं त्यांना कळून चुकलं होतं.

पहिल्या घरी गडी म्हणाला, "आमचा जुनाच व्हता, आबा," आणि हे सांगताना गोठ्याकडे बघत होता. दुसऱ्या घरीही तसंच. तिसरं घर एका म्हातारीचं. सगळ्या वाडीची ती मावशी. ती दारात शेंगा फोडत बसली होती. हात न थांबवता म्हणाली, "व्हय बाबा, नवा दिला. जुना हाय कुटं? परवाच्या साली खाचरात काय पिकलं ते तुला ठावं न्हाई व्हय? म्हनलं, येवड्या ढिगात माजा पायलीभर कुटं कळतोय."

"मंग सांगायचं न्हाई?" आबा म्हणाले.

"कुनाला?" म्हातारीनं वर पाहिलं. "तुला?"

आबा तिथून निघाले ते तडक घरी. ओटीवर चढले आणि तोंडाचा पट्टा सुटला. वाडीला लाज राहिली नाही, पायलीभर तांदळासाठी माणसं खोटं बोलायला लागली, परक्याच्या लेकीची पंगत नासवली. "आमच्या कनगीत बगा म्हनावं, तीन वर्सांचं भात हाय. आमी न्हाई दिला त्यो नवा!"

चुलती आतून आली. हाताला पीठ होतं, ते पदराला पुसत म्हणाली, "आपला बी नवाच व्हता."

मी तिथंच खांबाला टेकून होतो. पळून जावंसं वाटलं.

"लेकीच्या बाळंतपनात जुनं भात संपलं," ती म्हणाली. "बाळंतिनीला जुन्याचाच भात लागतो. पौषातच कनगी रिकामी झाली. नवंच भरलं तिच्यात."

"मला का न्हाई सांगितलंस?"

पीठ तसंच राहिलं होतं, ते मळायला ती आत गेली.

आता आबा आत जाऊन काय करतात, अशी मला धास्ती वाटली. पण ते आत गेले नाहीत. पायरीवर बसले आणि समोरच्या खाचरांकडे पाहत राहिले. मला त्यांची कीव आली, आणि कीव आली याचंच नवल वाटलं, कारण तोपर्यंत आबांची कीव करता येते हे मला माहीत नव्हतं. ज्या माणसाच्या एका शब्दावर सगळी वाडी हंडे उचलत होती, त्याला त्याच्याच कणगीत काय आहे हे सांगायला त्याची बायको भीत होती. आणि वाडीतल्या प्रत्येक घरानं तसंच केलं होतं. प्रत्येकाला वाटलं, आपला एकट्याचाच नवा आहे, खपून जाईल.

दुसऱ्या दिवशी आबा शेजारी गेले. नवरीच्या बापाला म्हणाले, "तुजी पंगत माज्यामुळं बिघाडली." तो बिचारा उलट त्यांनाच हात जोडू लागला. येताना फाटकापाशी मी दिसलो, तेव्हा न थांबता म्हणाले, "लाकडं वाळल्याली व्हती." माफी मागण्याची ही त्यांची तऱ्हा. मला तेवढी पुरली.

त्यानंतर वाडीत कुणाचं लग्न निघालं की आबांना त्या दिवशी नेमकं कामशेतला काम निघायचं. कुणी आग्रह करायचं नाही, तेही विचारायचे नाहीत. हंड्यांपाशी दुसरी माणसं उभी राहू लागली. भात बरा व्हायचा, म्हणजे कुणी हसायचं नाही, इतकंच.

मग पुढच्या वैशाखात माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. सोयरीक जमली तीही नेमकी पवन मावळात, त्या मिशीवाल्या गृहस्थाच्या भावकीत. म्हणजे तो पंगतीला असणार हे ठरलेलंच. आमच्या घरात भाताचं नाव काढायला कुणी तयार नव्हतं. बहीणच एकदा माझ्यापाशी म्हणाली, "दादा, मला सगळं चालंल, पर भातावरनं बोलनी नकोत." शेजारच्या मुलीचं रडणं तिनं ऐकलं होतं. हे म्हणताना तिचं तोंड एवढंसं झालं होतं.

वडील शांत माणूस. त्यांनी एका संध्याकाळी आबांना हळूच विचारलं, "लोनावळ्यास्नं आचारी आनू का? तुला कशाला तरास."

आबा म्हणाले, "मी करीन. पर तांदूळ घ्यायला मी सोता बसनार."

वडिलांना काही कळलं नाही. तांदूळ घ्यायला पुरुषमाणूस बसल्याचं वाडीत कुणी पाहिलेलं नव्हतं. पण त्यांनी बरं म्हटलं.

आदल्या संध्याकाळी आबांनी ओटीवर एकाऐवजी दोन तरटं अंथरली आणि मधोमध बसले. बायका टोपल्या घेऊन अंगणात आल्या आणि आबांना बघून तिथंच घुटमळल्या. मागून त्यांचे नवरेही आले, काय प्रकार आहे ते बघायला. मला समोर चक्क दिसत होतं की आता काय होणार: दोन तरटं, एक जुन्याचं, एक नव्याचं, आणि सगळ्या वाडीसमोर आपल्या घरची गरिबी कोण नव्याच्या तरटावर ओतणार? सगळे जुनाच म्हणून सांगणार आणि उद्या पुन्हा खळ. मला आबांचा पुन्हा राग आला. वर्षभर विचार करून माणसानं हे शोधून काढावं?

आबांनी चुलतीला हाक मारली. "आपला तांदूळ आन. नवा."

चुलती उंबऱ्यात आली. हळू आवाजात म्हणाली, "जुना हाय की. जपून ठिवलाय मी, ह्याच्यासाटीच."

"ऱ्हाऊ दे त्यो. नवा आन."

तिनं आणला. आबांनी टोपली हातात घेतली आणि उभे राहिले. खाचराच्या त्या टोकाला ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "ह्यो आमच्या घरचा. नवा हाय." आणि डाव्या तरटावर ओतला.

तीन वर्षांच्या भाताची बढाई ज्यांनी मारली होती ते हेच आबा. मग ती शेंगावाली मावशी काठी टेकत पुढे आली, "माजा बी त्योच," म्हणाली आणि आपली टोपली डावीकडे रिकामी केली. तिच्यामागून एक, मग दुसरी. कुणी उजवीकडे, कुणी डावीकडे. मुसलमानाच्या घरचा थोरला आला तो मधेच उभा राहिला. "आबा, आमच्या हिनं घरीच मिसळून ठिवलाय. आता कुटं वतू?" सगळे हसले, तोही हसला. आबा म्हणाले, "त्यो येगळा ठेव. खीर करू." दिवे लागायच्या आत दोन्ही ढीग झाले आणि डावीकडचा काही लहान नव्हता.

रेल्वेत मी हीच युक्ती वापरली. काही बिघडलं की गँगला गोळा करून आधी माझं काय चुकलं ते सांगायचो. शोधून शोधून सापडायचंच काहीतरी. मग बाकीचं आपोआप बाहेर यायचं. साहेबाला वाटायचं मी भोळा आहे. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी जुन्याचे हंडे वेगळे चढले, नव्याचे वेगळे. नव्याला पाणी बेतानं घातलं, आग कमी ठेवली. दोन्ही भात असे उतरले की धोतरावर ढीग घालताना नुसत्या वासानं भूक लागली. त्या मिशीवाल्या पाहुण्याचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो: त्यानं तीनदा भात मागून घेतला आणि चकार शब्द बोलला नाही. त्याच्यासारख्या माणसाकडून यापेक्षा मोठी शाबासकी नाही. माझ्या बहिणीला भातावरून कधी काही ऐकावं लागलं नाही. इतर गोष्टींवरून ऐकावं लागलं असेल, तो संसाराचा भाग.

पण मला सांगायचंय ते पंगत बसायच्या जरा आधीचं. पत्रावळी मांडून झाल्या होत्या. पाहुणे हात धुऊन उभे होते. आबा चराच्या कडेला डाव घेऊन उभे, आमटीचे हंडे उतरायला सांगणार, इतक्यात मागच्या दारातून चुलतीचा आवाज आला. ती लहान पोरांना आधी जेवायला घालत होती. नातवाला घास भरवून तिनं बोटं चाटली होती.

"अवो," ती म्हणाली, आणि मोठ्यानं म्हणाली, "आमटी आळनी झालीया."

मी दांडा खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिलो. इतक्या माणसांत तिनं आबांना असं काही म्हटल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. तिच्याही लक्षात आलं असावं, कारण ती पदर सावरून जरा मागं सरली. आबांनी डावानं थोडी आमटी तळहातावर घेतली, चाखली, पुन्हा चाखली.

"व्हय की," ते म्हणाले. "मीठ आना रं."

मीठ आलं. त्यांनी स्वतः घातलं, ढवळलं, आणि मग आम्हा सगळ्यांवर डोळे रोखले. "अन् तुमी? मगापास्नं चाखताय तुमी. जिभा घरी ठिवून आलासा?"

माझा जोडीदार चाचरत म्हणाला, "शेवटच्या हंड्याला जरा धुराचा वास लागलाय, आबा." आबांनी मान हलवली, तो बाजूला ठेवायला सांगितला. मग कुणी म्हणालं, पाण्याचे तांबे कमी आहेत. कुणी म्हणालं, पाहुण्यांची म्हातारी माणसं उन्हाच्या बाजूला बसवली आहेत. मावशी म्हणाली, वाढप्यांनी नखं काढलेली नाहीत. आबा एकेकाचं ऐकत होते, मान डोलवत होते आणि मला दिसलं की ते हसताहेत, मिशीतल्या मिशीत, लहान पोरासारखे. त्या दिवशी आमच्या दारची पंगत बसायला चांगलाच उशीर झाला, कारण सगळ्यांनाच आबांना काही ना काही सांगायचं होतं.